तयार साच्यातली स्मरणपुस्तिका: छपाई उत्तम, मजकुराला मात्र घाई नको

चर्चमधल्या स्मरण-उपासनेसाठी पुस्तिका छापून देणाऱ्या ऑनलाइन सेवांचं पॅकेज साधारण ठरलेलं असतं: ए-5 आकार, 16 पानं, मधोमध दोन पिना. छपाईला नावं ठेवण्यासारखं फारसं नसतं. आत 130 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 130 ग्रॅम वजनाचा) मॅट कागद निवडावा. ग्लॉसी कागद स्क्रीनवरच्या नमुन्यात भारी दिसतो, पण दिव्याखाली धरला की अक्षरांवर चकाकी येते.

खरा घोळ मजकुरात. दिवंगत शिक्षिकेच्या पुस्तिकेचा साचा घ्या, त्यात चार मथळे तयार असतात: ‘प्रेमळ पत्नी’, ‘आदर्श माता’, ‘समर्पित शिक्षिका’, ‘श्रद्धावान सेविका’. नाव बदललं की कुणाचीही पुस्तिका तयार! हे मथळे सरळ खोडावेत. शिक्षिकेच्या पानावर शाळा, विषय, इयत्ता आणि सालं हवीत. चर्चच्या पानावर संडे स्कूलचा कोणता वर्ग घेतला, गायनवृंदात सोप्रानो (वरचा स्त्री-स्वर) गायच्या की आल्टो (खालचा), हे हवं. सालं आठवणीवर सोडू नयेत. नोकरीची शाळेच्या सेवापुस्तकातून घ्यावीत, लग्नाची चर्चच्या नोंदवहीतून. चर्चच्या नोंदींतली बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून छापली जाते, ही नेहमीची चूक. लग्नाआधीपासून शिकवत असतील, तर जुने विद्यार्थी बाईंना माहेरच्या आडनावानेच ओळखतात. मुखपृष्ठावर दोन्ही आडनावं द्यावीत.

फोटोंबाबत या सेवा ग्राहकाला पुरेसं सांगत नाहीत. पूर्ण पानाच्या फोटोला 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) किमान 1748 × 2480 पिक्सेल लागतात, शिवाय कडेच्या कटाईसाठी चारी बाजूंना 3 मिमी जादा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबली जाते, त्यामुळे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. 35 × 45 मिमीचा जुना पासपोर्ट फोटो 600 डीपीआयने स्कॅन केला, तर दुप्पट आकारापर्यंत नीट छापता येतो. त्याहून मोठा केला की चेहरा धूसर. शाळेच्या ग्रुप फोटोखाली नावं रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे द्यावीत आणि बाईंच्या बरोबर शिकवणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावीत.

मराठी अक्षरजुळणी ही सगळ्यात कच्ची बाजू. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सोय चालू नसेल, तर ‘शिक्षिका’तली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते आणि ‘क्ष’ फुटतो. ‘प्रार्थना’तला रफार भलतीकडे जातो. मजकूर युनिकोडमध्येच द्यावा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलं असेल, तर जोडाक्षरं एकेक करून बघावीत. प्रूफ पीडीएफवर मंजूर करताना हा भाग घाईत सुटतो, म्हणून एक छापील प्रत आधी मागवावी. ती न देणारी सेवा घेऊ नये, स्वस्त असली तरी.

उपासनेचा क्रम शेवटी टाकण्याची साच्यांना खोड असते. तो 8 आणि 9 या मधल्या पानांवर हवा, कारण पिनांपाशी पुस्तिका सपाट उघडते आणि गाताना एका हातात धरता येते. गीतांचा टाइप 13 पॉइंटच्या खाली नको, आणि कडवं पान उलटताना तुटू नये. मजकूर वाढला तर पानं चारच्या पटीतच वाढतात: 16 नंतर थेट 20. दोन पानांचा मजकूर उरला, तर उरलेल्या दोन पानांवर विद्यार्थ्यांची पत्रं घ्यावीत. फुलांची सजावट भरण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नये.

छपाईला पाचपैकी चार, मराठी जुळणीला दोन, तयार मजकुराला शून्य.