कोंबडीची पिशवी तुंबली: तेल-मालिश की उलटी धरणं?

खान्देशात गावरान कोंबड्या कडब्याच्या ढिगात चरतात. लांब गवत, सुतळीचा तुकडा, कपाशीचा धागा, काहीही गिळतात. गिळलेलं आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. सकाळी दाणे टाकण्याआधी चाचपून पाहा. गच्च, मळलेल्या कणकेसारखा गोळा लागला तर तुंबली समजा.

माझं मत तेलाच्या बाजूने. दाणे बंद, पाणी चालू. शेंगदाण्याचं कोमट तेल ड्रॉपरने चोचीच्या कडेने थेंब-थेंब सोडायचं. घाई केली तर ते श्वासनळीत जातं. मग दिवसातून तीन-चार वेळा बोटांनी गोळा हळूच चुरायचा. वेळखाऊ आहे, पण सावकाश केलं तर सहसा जिवावर बेतत नाही.

उलटी धरून पिशवी दाबणं झटपट, म्हणून शेजारीपाजारी तेच सुचवतात. घट्ट गोळा त्याने निघतच नाही. पिशवी लिबलिबीत असून तोंडाला आंबट वास असेल तर पाणी बाहेर पडतं खरं, पण फुप्फुसात शिरलं की कोंबडी हातातच जाते. ते डॉक्टरांवर सोडा.

दोन दिवसांत गोळा हलला नाही तर जनावरांचा दवाखाना गाठा. तिथे पिशवीला चीर देऊन गुंता काढता येतो.