आधी कारखाना की आधी शाळा? विकसनशील देशाने पैसा कुठे लावावा

बजेट तुटपुंजं आणि मागणारे दोन. एकीकडे रस्ते, वीज, मशिनरी म्हणजे भौतिक भांडवल, दुसरीकडे शिक्षण-आरोग्य म्हणजे मानवी भांडवल.

भौतिक भांडवलाचा प्लस पॉइंट म्हणजे वेग. वीज आली की पंप, गिरण्या, कोल्ड स्टोरेज लगेच सुरू, आणि फीत कापायला मिळते ती वेगळीच. पण अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलोने १९५६ मध्येच मांडलंय की तेवढ्याच कामगारांमागे मशीनवर मशीन वाढवत गेलं तर प्रत्येक पुढच्या मशीनचा फायदा घटत जातो, वर झीज भरून काढायचा खर्च आहेच. टांझानियात मोरोगोरोला वर्ल्ड बँकेच्या पैशातून बुटांचा कारखाना उभा राहिला, प्लॅन थेट युरोपला एक्स्पोर्टचा, प्रत्यक्षात क्षमतेच्या पाच टक्केसुद्धा उत्पादन कधी निघालं नाही! मशीन बंद पडली की सुटे भाग नाहीत, मॅनेजमेंटचा आनंदीआनंद, आणि इमारत थंड देशातल्यासारखी, ॲल्युमिनियमच्या भिंती, हवा खेळायला जागाच नाही.

आता शिक्षण. इंडोनेशियाने १९७३ ते ७८ मध्ये तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या (म्हणजे सुरुवात विटा-सिमेंटनेच झाली बरं का), आणि अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांच्या अभ्यासात शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे पगार साधारण ७ ते १० टक्के वाढलेला दिसला. फक्त तो पगार मोजला १९९५ मध्ये. एवढा दम कुठल्या सरकारला असतो? शिवाय पट भरला म्हणजे पोरं शिकली असंही नाही.

आणि नुसतं शिकवूनही भागत नाही. १९६० च्या आसपास फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया उत्पन्नात, शिक्षणात जवळपास बरोबरीचे होते. कोरियाने शिकलेल्या माणसांच्या हाताला स्टील, जहाजं, एक्स्पोर्टचे कारखाने दिले, फिलिपिन्सची नर्स आणि खलाशी मंडळी परदेशी गेली, त्यांचे पैसे घरी येतात हे खरं पण त्यावर कोरियासारखी इंडस्ट्री काही उभी राहिली नाही.

त्यामुळे आधी अडलंय कुठे ते बघा. पदवीधर रिकामे बसलेत आणि लाईट दिवसातून चार वेळा जाते तर नवीन कॉलेज काढू नका, तारा ओढा. कारखाने आहेत पण चालवायला फिटर मिळत नाही तर ट्रेनिंगवर खर्च करा. दोन्हीकडे ठणठणाट असेल तर माझं मत प्राथमिक शाळा आणि लहान मुलांच्या आरोग्याला, कारण रस्ता दहा वर्षं उशिरा झाला तरी होतो, मुलांची ती वर्षं परत येत नाहीत. फक्त शाळेपर्यंतचा रस्ता आणि दवाखान्यातली वीज त्याच खर्चात धरा.