एकट्याने क्रूझ बुक करताना भाडं नीट बघा (बडोदा)

आम्ही दोघं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीने मुंबई-गोवा गेलो होतो, त्यांचं एम्प्रेस जहाज जुनं आहे, 1990 चं, पण जैन जेवणसुद्धा मिळतं आणि मुंबईपर्यंत ट्रेनने गेलं की झालं, जोडप्याला पहिल्या ट्रिपसाठी हेच घ्या. मावशीला एकटीला जायचंय तर हिशोबच बदलतो, कारण भाडं माणशी लिहितात पण एका केबिनमध्ये दोघं धरून, एकटं गेलं की बऱ्याचदा जवळपास दुप्पट. नॉर्वेजियन या परदेशी क्रूझ कंपनीने 2010 मध्ये त्यांच्या एपिक जहाजावर एकट्यांसाठी स्टुडिओ केबिन काढल्या, छोट्या आहेत, समुद्राकडे खिडकी नाही, तरी मला हे फार आवडलं. रावपुऱ्यातल्या आमच्या एजंटने पोर्ट चार्ज, टिप सगळं आधीच लिहून दिलं, अलकापुरीतल्या एकाने विचारल्यावरच सांगितलं, त्याच्याकडे मी बुकिंग करणार नाही.