शेतराखणीसाठी बारा बोअर: हॅमरची एकनळी की हॅमरलेस दुनळी?

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर जुनी बारा बोअर घ्यायची म्हटलं की दोन पर्याय समोर येतात: काडतुसावर ठोका देणारा हॅमर बाहेर दिसणारी एकनळी आणि हॅमर पोटात दडवलेली दुनळी. विकणारा नळीची चकाकी दाखवतो. आपण पाहायचं ते हे, की नको तेव्हा बार उडण्याची शक्यता कुठे आहे.

एकनळीचा मोठा गुण म्हणजे हॅमर चढलाय, म्हणजे मागे ओढून ठेवलाय, की नाही ते चार पावलांवरून दिसतं. दोषही तिथेच. फार जुन्या बनावटीत उतरवलेला हॅमर फायरिंग पिनवर टेकलेला राहतो आणि पिन काडतुसाच्या टोपीवर. बंदूक निसटून हॅमर दगडावर आपटला की बार. नंतरच्या रिबाउंडिंग बनावटीत हॅमर किंचित मागे येऊन अडतो. रिकाम्या बंदुकीत चापाला हात न लावता हॅमर अंगठ्याने पुढे दाबून पाहा. पिन बाहेर डोकावली तर ती बंदूक फुकट मिळाली तरी नको. हाफ-कॉकची, म्हणजे हॅमर अर्ध्यावर अडवणारी, खाचही झिजते. हॅमर तिथे ठेवून नेहमीच्या जोराने चाप ओढल्यावर तो सुटला, तर लॉक, म्हणजे बार उडवणारी आतली यंत्रणा, कामातून गेलं समजा. हॅमर चढलेला असताना नळी उघडते का, तेही पाहून घ्या. उघडत असेल तर आधी काडतूस काढता येतं, मग हॅमर उतरवता येतो. भरल्या काडतुसावर ओल्या अंगठ्याने हॅमर उतरवणं हा निव्वळ जुगार आहे.

दुनळीचं गणित वेगळं. नळी उघडली की आतले दोन्ही हॅमर चढतात आणि बंद केल्यावर चढलेलेच राहतात. मानेवरचा सेफ्टीचा खटका साध्या बॉक्सलॉकमध्ये, म्हणजे या दुनळीच्या नेहमीच्या लॉकमध्ये, फक्त चाप अडवतो, हॅमर नव्हे. चढलेला हॅमर अडवून धरणारा सिअर झिजला असेल, किंवा जुनं ग्रीस घट्ट होऊन तो खाचेत पुरता बसत नसेल, तर दस्ता आपटल्यावर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. तपासायचं असं: दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून स्नॅप कॅप (बिनदारूची नकली काडतुसं) घाला, बंदूक बंद करा, सेफ्टी लावा, दस्ता रबरी चटईवर वीतभर उंचीवरून आपटा. आत ‘टक्’ वाजलं की थेट गनस्मिथकडे. दुनळीत आणखी एक फसगत होते. उजवी नळी उडवून माणूस निर्धास्त होतो आणि डावी तशीच भरलेली राहते.

सेफ्टीला म्हणूनच मी फारसे गुण देत नाही. गडगा ओलांडताना, वईतून वाकून जाताना, माळ्यावर चढताना बंदूक उघडी आणि काडतूस खिशात. त्यामुळे नळी उघडण्याचा लिव्हर एका हाताने सहज फिरतो का, याला माझ्या लेखी नक्षीपेक्षा जास्त किंमत.

जुन्या नळीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, 65 मिलिमीटरचं असू शकतं. त्यात 70 चं काडतूस बसतं, पण दाब वाढतो. वीस बोअरचं काडतूस बारीक असल्याने बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं. मागून बाराचं भरलं की नळी फाटते. दोन्ही प्रकारची काडतुसं एका डब्यात कधीच नकोत. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होते. परत आली की नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहा. कुंभारीण माशीचं मातीचं घरटं आत असेल, तरी नळी फाटू शकते. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी मोकळ्या जागेकडे धरून तीस सेकंद थांबा, मगच उघडा.

घरी नळी आणि दस्ता वेगळे करून कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. परवान्यात नाव नसलेल्या गड्याला बंदूक देऊन राखणीला पाठवू नका. शर्तभंगाला शस्त्र अधिनियमाचं कलम 30 आहे, आणि निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘चुकून उडाली’ म्हटल्याने सुटका होत नाही.

एकट्याने राखण करणाऱ्याने रिबाउंडिंग एकनळी घ्यावी. एकच चेंबर, तपासायला सोपं. दुनळी घेतलीच तर दोन स्नॅप कॅप सोबत घ्या आणि पावसाळ्याआधी लॉक उघडून साफ करून घ्या.