जेद्दाच्या जुन्या बलदमधला गाईडेड वॉक : आई-बाबांना घेऊन केलेली संध्याकाळ

मी सौदीतल्या जेद्दात तीन वर्षं आहे, साईटवर नोकरी, आणि तीन वर्षांत बलदमध्ये किमान पंधरा वेळा गेलो असेन, पण दरवेळी बॅग घ्यायची, अत्तर घ्यायचं, सोन्याचा भाव बघायचा आणि परत. घरांकडे मान वर करून कधी नीट बघितलंच नव्हतं. यंदा जानेवारीत आई-बाबा व्हिजिट व्हिसावर आले तेव्हा ठरवलं की यांना मॉल नाही दाखवायचे, मॉल काय मुंबईतही आहेत. म्हणून पैसे देऊन दोन तासांचा चालत फिरायचा गाईडेड वॉक बुक केला, माणशी १२० रियाल. हा रिव्ह्यू त्याचाच, कारण आपल्या इकडच्या ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारतं की बलदमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय.

आधी जागेबद्दल. अल-बलद म्हणजे जेद्दाचं मूळ शहर. इसवी सन ६४७ मध्ये खलिफा उस्मान यांनी जेद्दाला मक्केचं बंदर केलं, आणि तेव्हापासून समुद्रानं येणारा हजचा यात्रेकरू इथेच उतरायचा. २०१४ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेही 'मक्केचं द्वार' याच नावानं. भोवती कोट होता तो १९४७ ला पाडला, आता बाब मक्का, बाब जदीद अशा वेशी तेवढ्या दिसतात. आणि हा कोट सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांच्या भीतीनं ज्यानं बांधून घेतला तो अमीर हुसेन अल-कुर्दी म्हणजे तोच, ज्याच्या आरमारानं १५०८ मध्ये आपल्या चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना हरवलं होतं! मला हे माहीतच नव्हतं. लहानपणापासून चौल-रेवदंड्याला किती वेळा गेलोय आणि त्याचा दुसरा धागा इथे माझ्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर आहे. पुढे १५१७ मध्ये पोर्तुगीज आरमार थेट जेद्दावर चालून आलं पण शहर न घेताच परत गेलं. गाईडनं हे बाब मक्कापाशी उभं राहून सांगितलं, आणि माझे पैसे तिथेच अर्धे वसूल झाले.

गाईड म्हणजे याच गल्ल्यांमध्ये ज्याच्या आजीचं घर होतं असा तिशीतला पोरगा, इंग्लिश चांगलं, हिंदीही थोडं थोडं समजायचं त्याला. तो कुठलीही माहिती पाठ केल्यासारखी सांगत नव्हता, भिंतीला हात लावायचा आणि मग बोलायचा. घरं ज्या दगडाची आहेत त्याला मंगबी म्हणतात, म्हणजे लाल समुद्रातलं प्रवाळ कापून काढलेले चिरे. जवळ जाऊन बघा, दगडात पोळ्यासारखी बारीक बारीक भोकं दिसतात आणि कुठे कुठे शिंपल्याचा तुकडा तसाच अडकलेला असतो. हा दगड ओझं नीट पेलत नाही, म्हणून भिंतीत ठराविक उंचीवर लाकडाच्या आडव्या पट्ट्या घातलेल्या असतात, त्यांना तकालील म्हणतात, वजन त्या पट्ट्यांवर सगळीकडे सारखं वाटलं जातं. मी रोज आरसीसीत काम करतो, पण चार-पाच मजली घर असं दगड-लाकूड, दगड-लाकूड थर लावून उभं केलेलं बघून मला खरंच हात जोडावेसे वाटले.

आणि मग रोशन. रोशन म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेली लाकडी जाळीची बंद गॅलरी, अनेकवचन रवाशीन. हेच बलदचं खरं वैभव. आतल्या माणसाला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतलं काही दिसत नाही, समुद्राचा वारा जाळीतून गाळून आत येतो, आणि तिथेच पाण्याची मडकी ठेवायचे म्हणजे पाणीही गार आणि येणारा वाराही गार.

माझे बाबा सुतार. चिपळूणकडे चाळीस वर्षं त्यांनी दारं-खिडक्या केल्यात, आता गुडघ्यांमुळे बंद केलं. तोपर्यंत ते गप्प गप्प चालत होते, ग्रुपमध्ये सगळे इंग्लिश बोलणारे म्हणून थोडे बावरलेले. एका पडक्या घराचा रोशन अगदी खाली आला होता, हात पोचेल इतका. बाबांनी खिशातून चष्मा काढला, लाकडावरची धूळ अंगठ्यानं पुसली, नखानं जरा खरवडलं, वास घेतला आणि मला म्हणाले, "अरे, हा साग आहे. आपल्याकडचा." मी गाईडला विचारलं तर तो एकदम खूश, म्हणाला बरोबर आहे, या रोशनांसाठी सागवान हिंदुस्थानातूनच जहाजानं यायचं. मग बाबांनी त्याला जाळीचे सांधे दाखवले, खिळा कुठेच नाही, बारीक पट्टी खाचेत खाच घालून बसवलीय आणि मुद्दाम किंचित सैल ठेवलीय, म्हणजे हवेनं लाकूड फुगलं तरी फाटणार नाही. मी भाषांतर करत होतो आणि ग्रुपमधले चौदा-पंधरा जण थांबून ऐकत होते. गाईडनं फोनमध्ये ते रेकॉर्ड करून घेतलं. बाबांचा चेहरा मी असा बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता.

तिथून सूक अल-अलवीतून पुढे. बंदराकडून बाब मक्काकडे जायचा यात्रेकरूंचा जुना रस्ता तो हाच. बाबांना आमच्या वाडीतले चाचा आठवले, ते मुंबईहून बोटीनं हजला आलेले, परत आल्यावर अख्ख्या वाडीला खजूर आणि घोट घोट झमझम वाटलं होतं. मुंबई-जेद्दा हजची बोट १९९५ ला बंद झाली, त्यामुळे आत्ताच्या पोरांना हे ठाऊकच नसतं.

याच रस्त्यावर नसीफ हाऊस आहे, ओमर नसीफ या बड्या व्यापाऱ्याचं, १८७२ ला सुरू होऊन १८८१ ला पूर्ण झालेलं, शंभराहून जास्त खोल्या. १९२५ च्या डिसेंबरात जेद्दा ताब्यात आल्यावर राजा अब्दुलअझीझ, म्हणजे सौदी अरेबियाचा संस्थापक, इथेच उतरला होता. आतला जिना इतका रुंद आणि सोपा केलाय की उंट सामान घेऊन वर चढायचे असं सांगतात. पण आई अडकली ती दारातल्या झाडापाशी. झाड कसलं तर कडुनिंब! एके काळी अख्ख्या जुन्या शहरात हे एवढं एकच झाड होतं म्हणे, म्हणून पत्ता सांगताना याला 'झाडवालं घर'च म्हणायचे, कारण गोड्या पाण्याची इतकी टंचाई की माणसांना पुरायची मारामार, झाडाला कोण घालणार. पावसाचं पाणी टाक्यांमध्ये साठवायचे, नंतर ऑटोमन काळात समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचं यंत्र आलं, त्या कंडेन्सरचं लोकांनी किंदासा करून टाकलं. आई बराच वेळ त्या झाडाखाली उभी होती, एक पडलेलं पान उचलून तिनं पर्समध्ये ठेवलं.

आता तक्रारी, कारण त्या सांगायलाच हव्यात. मेसेजमध्ये भेटायची जागा दिली होती एका वेशीपाशी आणि प्रत्यक्षात गाईड उभा दुसऱ्या वेशीपाशी, आमची पंचवीस मिनिटं फोनाफोनीत गेली, आईला बसायला जागा नाही, ऑफिसचा नंबर कोणी उचलेना. शेवटी त्या पोरानंच स्वतःच्या नंबरवरून फोन केला. दुसरं म्हणजे शेवटचा अर्धा तास सगळ्यांना एका अत्तराच्या दुकानात नेऊन बसवलं. घ्यायची जबरदस्ती नव्हती, मान्य, पण त्या अर्ध्या तासात अल-शाफी मशीद नीट बघून झाली असती, तिचा मिनार तेराव्या शतकातला आहे आणि आम्ही तो चालता चालता लांबून बघितला. हे मला अजून सलतंय. बुकिंग करताना आधीच विचारा की दुकानात किती वेळ.

चालायचं म्हणाल तर फरसबंदी उंचसखल आहे, बऱ्याच घरांचं रिस्टोरेशन चालू असल्यानं मध्येच पत्रे लावून गल्ली बंद असते, वळसा पडतो. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी बूट चांगले घाला आणि घाई करणारा ग्रुप टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, तेही असरनंतर, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या सुमाराला तिरकं ऊन रोशनांच्या जाळीवर पडतं आणि हिरवी, निळी, तपकिरी सगळी लाकडं उजळून निघतात.

वॉक संपल्यावर आम्ही तिघंच मागे राहिलो. गाडीवरचा बलीला खाल्ला, उकडलेले छोले, वरून जिरं, व्हिनेगर आणि लोणच्यातलं बीट, आईला फार आवडला, तिनं दुसरी वाटी मागून घेतली. मग फूल, म्हणजे शिजवून घोटलेले बाकल्याचे दाणे, आणि गरमागरम तमीस, भट्टीतून काढलेली ती भली मोठी रोटी, तिघांचं पोट भरलं आणि बिल वीस रियालच्या आत.

गाईडला पाचपैकी पाच, बुकिंगवाल्या ऑफिसला दोन. गाईडचा नंबर मी घेऊन ठेवलाय, पुढच्या शुक्रवारी बाबांना परत न्यायचंय, या वेळी ग्रुप नाही, फक्त आम्ही आणि तो. ज्या घराची डागडुजी चालू आहे तिथल्या सुतारांना भेटवतो म्हणालाय, आणि बाबांनी काल रात्रीच बॅगेतून त्यांची जुनी मोजपट्टी शोधून बाहेर काढून ठेवलीय.