पोस्टडॉक: ओर्से की बंगळुरू?
गोव्यातून गणितात पीएच.डी. करून पुढे पोस्टडॉकला, म्हणजे तात्पुरत्या संशोधनपदावर, जाणाऱ्यांना माझं उत्तर विषयावर ठरतं. यादृच्छिक भूमितीत, म्हणजे असंख्य छोटे चौकोन वाटेल तसे जोडून होणाऱ्या पृष्ठभागांत रमायचं असेल, तर पॅरिसजवळचं ओर्से. चौकोनांची संख्या वाढवत नेली की हे पृष्ठभाग 'ब्राउनियन गोल' या यादृच्छिक आकाराकडे जातात, हे गणिती ल गाल आणि मिएर्मों यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं; दोन्ही शोधनिबंध २०१३ चे. ल गाल ओर्सेचेच. फळ्यापाशी उभं राहून जे कळतं ते छापील पानात सापडत नाही.

बंगळुरूची आयसीटीएस ही संशोधन संस्था फर्स्ट-पॅसेज पर्कोलेशनसाठी उत्तम: प्रत्येक रस्त्याला यादृच्छिक वेळ द्यायचा आणि सर्वांत जलद वाट कशी वळते ते शोधायचं. शिवाय चवथीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला घरी पोचता येतं, आणि हे मी गौण मानत नाही. तरी पोस्टडॉक थोड्याच वर्षांचं. मी ओर्सेच निवडेन.