कैद्यांसाठी एखाद्या संस्थेतून स्वयंसेवक म्हणून काम करायचं, तर तुरुंगात जाऊन शिकवायचं, की सुटलेल्याला साथ द्यायची?

आत शिकवण्याचं काम चौकटीतलं. ओळखपत्र, झडती, मोबाईल गेटवर जमा, ठरलेला तास. निरोप पोचवायचा नाही, वस्तू द्यायची-घ्यायची नाही. नियम जाचक वाटतात, पण नवख्याला तेच सांभाळून घेतात. फक्त खाडा करू नका. तुमच्या एका तासाची तिथे आठवडाभर वाट बघितली जाते. (गुन्हा काय, हे विचारू नये. सांगावंसं वाटलं तर तो सांगतो.) कधी शिकणारा अचानक दुसऱ्या तुरुंगात हलवला जातो आणि निरोपही घेता येत नाही.

सुटलेल्याला साथ देणं वरवर मोकळं, पण दमवणारं. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून पगाराची नोकरी नाही. रांगेत सोबत उभं राहणं हीच मोठी मदत. कित्येक वर्षांनी बाहेर आलेला माणूस बंद दारापाशी नुसता थबकतो. स्वतः कडी काढायची सवयच गेलेली असते. सुटकेनंतरही समाजाची जबाबदारी संपत नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला (कैद्यांना कसं वागवावं याच्या किमान नियमांतला) ९० वा नियम सांगतो. पण इथे तुम्हाला गेट नाही, घंटा नाही. रात्री अकराला फोन येतो, उसने पैसे मागितले जातात, आणि ‘नाही’ तुम्हालाच म्हणावं लागतं.

माझं मत विचाराल तर गरज बाहेर जास्त आहे, पण सुरुवात आतून करा. आणि बाहेरचं काम एकट्याने अंगावर घेऊ नका. संस्थेतल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबरही त्या माणसाकडे असू द्या.